मरळीचं माहेर

"तुले पवता येते का?"

सायत्राबाईनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव, गाव, पगार, लग्न झालं का, अशा क्रमानं नव्या माणसाची चौकशी करायची आमच्याकडे रीत आहे. बाई ती सगळी ओलांडून थेट पाण्यात उतरली. मी म्हणालो, पोहता नाही येत.

"मंग तलावावर कायले आला?"

"मावशी, मी बीएस्सी आहे. मत्स्यशास्त्र विषय होता."

तिनं तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला, माझ्या नव्याकोऱ्या गमबुटांकडे पाहिलं आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "पाय वं, मासोळीवर शिकला आन् पवता येत नाई. सैपाकावर शिकला आन् चूल पेटवता येत नाई, तसं झालं हे." त्या दिवसापासून माझं नाव बीएस्सी पडलं. पुढची चार वर्षं त्या गावात माझं खरं नाव फक्त हजेरीपत्रकात उरलं.

गाव लाखांदूर तालुक्यातलं. त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढं मी निम्म्या गावाला नावं ठेवणार आहे आणि मला अजून तिकडं जेवायला जायचं असतं. माझं स्वतःचं बालपण जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये गेलं. वडील फॅक्टरीच्या बसनं जायचे, फॅक्टरीच्या बसनं यायचे, आणि मासा रविवारी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी यायचा. तो त्याआधी कुठं राहत होता, काय करत होता, याचा विचार मी कॉलेजात जाईपर्यंत केला नव्हता. सायत्राबाईनं साठ वर्षांत दुसऱ्या कशाचा फारसा विचार केला नव्हता. ती ढिवराची, म्हणजे मासेमाराची, लेक आणि ढिवराची बायको. नवरा तरुणपणीच गेला, पदरात एक मुलगी. मुलीला तिनं मासे विकून वाढवलं आणि गावातच दिलं.

मला नोकरीवर ठेवणारी संस्था मूळची कोकणातली. तिथं ते लोक कोळ्यांना सोबत घेऊन समुद्राच्या तळाशी सिमेंटचे पोकळ, भोकाभोकांचे घुमट ठेवतात. त्यांना शेवाळ धरतं, शिंपले चिकटतात, लहान मासे लपायला येतात, त्यांच्या मागं मोठे येतात, आणि जाळ्यांनी खरवडून उजाड झालेला किनारा पुन्हा भरायला लागतो. कृत्रिम प्रवाळ म्हणतात त्याला. काम खरोखर चांगलं आहे. मी बोटीत बसून, उलट्या करत करत का होईना, डोळ्यांनी पाहून आलो आहे. पण संस्थेच्या प्रमुखांना, ज्यांना सगळे नुसतं डॉक्टर म्हणायचे, एकदा वाटलं की समुद्रात चाललं ते तलावातही चालेल. आमच्या भागात मालगुजारांच्या काळातले तलाव पुष्कळ, ढिवर पिढ्यान्‌पिढ्या त्यांवर जगणारे, आणि तलावातले मूळचे मासे संपत आलेले. मच्छीमार संस्था दरवर्षी विकतचं बीज आणून सोडायची, रोहू-कतला काढायची. मरळ मात्र दिसेनाशी झाली होती. ज्या तलावाच्या मरळीसाठी लांबलांबून लोक बाजाराला यायचे, तिथं आता बेशरमाच्या झुडपांचं रान माजलं होतं.

घुमट आले ते ट्रकमधून. तीसेक असतील. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, ओळीनं उतरवून ठेवले तेव्हा गावात तर्कांना ऊत आला. कुणी म्हणालं संडासाचं सामान आलं, कुणी म्हणालं गोबरगॅस. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या एकाला कुणीतरी शेंदूर फासून वर नारळ ठेवला होता. सायत्राबाई नेमकी त्याच घुमटावर बसून खर्रा घोटत होती. मी म्हटलं, मावशी, लोकांनी देव मानलाय. ती म्हणाली, "देव असन तं मले उठवन. नाई तं बसू दे."

डॉक्टरांनी नकाशा उलगडला. घुमट कुठं, किती अंतरावर, कोणत्या कोनात, सगळं आखलेलं. पाळीवर जमलेल्यांना त्यांनी दहा मिनिटं समजावून सांगितलं आणि मी ते आमच्या बोलीत पुन्हा सांगितलं. सायत्राबाईनं ऐकून घेतलं.

"डॉक्टर सायेब, तुमच्या समुद्राच्या बुडाशी काय रायते?"

"वाळू. काही ठिकाणी खडक."

"आमच्या बुडाशी चिखल रायते. हा एवढा." तिनं हात कमरेला लावला.

डॉक्टर हसले. हातात नकाशा असलेला माणूस ज्याच्याकडे नकाशा नाही त्याच्याकडे पाहून हसतो, तसे. घुमट तराफ्यावरून नेऊन ईशान्येच्या कोपऱ्यात सोडले. दिवाळीपर्यंत निम्मे घुमट टकलापर्यंत चिखलात गेले. मी अहवालात "संरचना स्थिरावल्या" असं लिहिलं. बाईनं माझी महिनाभर पाठ सोडली नाही. बाजारात, एसटीच्या थांब्यावर, कुणाच्या तेराव्याला, कुठंही भेटली तरी विचारायची, "काय बे बीएस्सी, आज किती गेले?"

पण ती नुसती हसून थांबणारी नव्हती. एक दिवस तिनं मला आणि डॉक्टरांना त्या कोपऱ्यात नेलं. पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. ही तिची सवयच होती. त्या चवीवरून ती पाणी कुठून आलं, गुरं कुठं उतरली, कुणाच्या धानाच्या बांधीतलं खत वाहून आलं, सगळं सांगायची, आणि मी नंतर बाटल्या भरून तपासायला पाठवायचो तर फार वेगळं काही निघायचं नाही. मग म्हणाली, "मासोळीले घर नाई पायजे, सायेब. आडोसा पायजे. तुमी सिमेटाचे बंगले बांधून राहिले. तिले गवत पायजे, अंडे ठेवाले. तुमचे हे टकले मुरमावर ठेवा, तिकडं, जमीन कडक आहे तिथं. आन् मधात देवधान लावा, चिला लावा. मंग पाहा."

देवधान म्हणजे पाण्यात आपोआप उगवणारं रानटी धान. चिला म्हणजे पाण्याखाली डुलणारं लांब पातीचं गवत. डॉक्टरांची एक गोष्ट मला आवडते. चुकलो असं कळलं की ते गप्प होतात आणि समोरच्याचं ऐकतात. त्या उन्हाळ्यात पाणी हटलं तसं सायत्राबाईनं पंधरा बायका जमवल्या. कोपऱ्यातलं बेशरम मुळासकट खणून काढलं. प्रत्येक झुडूप उपटताना ती गावातल्या एकेका मोठ्या माणसाचं नाव घ्यायची आणि बायका हसून हसून कुदळी टाकायच्या. मग कोपरा नांगरला, दुसऱ्या गावच्या बोडीतून, म्हणजे लहान तळ्यातून, ओल्या पोत्यांत भरून वनस्पती आणल्या आणि धानाच्या रोवण्यासारख्या ओळीनं रोवल्या. उरलेले घुमट मुरमावर बसवले. वर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या. "हे कायले?" मी विचारलं. "चोराचं जाळं फाटाले," ती म्हणाली.

आता खरी अडचण होती ती संस्थेची. संस्था म्हणजे मच्छीमारांची सहकारी संस्था, तलावाचा ठेका तिच्याकडे, सभासद सगळे पुरुष. बायका मासे विकतात, जाळी सांधतात, बेशरम उपटतात. सभेत मात्र चहा करतात. कोपरा काही वर्षं जाळ्याविना राखायचा तर ठराव हवा होता, आणि अध्यक्ष नानाजी ठरावाचं नाव काढलं की छताकडे बघत बसायचे. माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त कुठलीही गोष्ट पहिल्यांदा होणं आवडायचं नाही.

सभेच्या दिवशी सायत्राबाई चहाची किटली घेऊन आत आली. कप वाटले आणि किटलीशेजारीच मांडी घालून बसली. कुणी उठ म्हणायच्या आत बोलायला लागली. आमच्याकडच्या बाया स्वतःबद्दलही "मी जातो, मी येतो" असंच बोलतात, त्यामुळे डोळे मिटून ऐकलं असतं तर एखादा सभासदच बोलतोय असं वाटलं असतं.

"नानाजी, तुमची लेक पयल्या बाळंतपनाले कुठी आली होती?"

नानाजी बावरले. "इथंच. माहेरी."

"काहून? तिच्या सासरी छप्पर नोयतं का?"

"रीतच आहे ना बाई ते."

"मंग मरळीले माहेर कुठी आहे, सांगा. सारा तलाव तिचं सासर. इकडून जाळं, तिकडून जाळं. पोट घेऊन जावं कुठी तिनं? मी म्हनतो, तो एक कोपरा तिचं माहेर. तिथं जाळं नाई, गळ नाई, भोंगा लावून गानं नाई. बाळंतीन आली का तिले हात नाई लावाचा."

मागून कुणीतरी मिशीत हसत विचारलं, "आन् मरळीचा नवरा आला तं?"

"जवायाचं माहेरात काय काम?" बाई फाडकन म्हणाली. "त्याले हाकला."

सगळी सभा हसली. त्या हशातच नानाजींनी ठराव मांडला. पण नानाजी ते नानाजीच. तीन पावसाळे, ते म्हणाले. तिसऱ्या पावसाळ्यात मरळीची लाल पिलं कोपऱ्यात दिसली तर कोपरा कायमचा राखीव. नाही दिसली तर कोपरा मोकळा, आणि पुन्हा या विषयावर सभा नाही. सायत्राबाई म्हणाली, "मंजूर. नाई दिसली तं पयलं जाळं मी टाकतो." बाहेर आल्यावर मी तिचं कौतुक करायला गेलो. ती रिकाम्या किटलीतून स्वतःसाठी चहा ओतत होती. तीन वर्षांत तलाव आपलं ऐकेल याची तिलाही खात्री नव्हती, एवढंच मला त्या वेळी कळलं.

पहिला पावसाळा कोरडा गेला. म्हणजे पाऊस झाला, मरळ आली नाही. दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावणात, बाईनं मला हाताला धरून पाण्याशी नेलं. देवधानाच्या ओळींमध्ये पाण्यावर लालभडक काहीतरी उकळत होतं. कुणी वाटीभर कुंकू सांडलं असावं तसं, पण हलणारं. शेकडो पिलं एकमेकांना चिकटून, वर येऊन श्वास घेत, पुन्हा खाली. आणि खाली दोन काळ्या सावल्या, एकीच्या मागं एक, पहारा देणाऱ्या. बाईनं तोंडातला खर्रा काठावर थुंकून टाकला.

तिसऱ्या दिवशी तिच्या जावयानं, देवरामनं, त्यातली एक मरळ गळाला लावली.

देवराम गरीब माणूस, भांडखोर अजिबात नाही. पकडला गेल्यावर त्यानं जे उत्तर दिलं ते अगदी मनापासून होतं. म्हणाला, ठरावात बाळंतिणीला हात लावायचा नाही असं आहे. मी पोट दाबून पाहिलं, हा नर होता. नवऱ्याला हाकला, असं सासूबाईच सभेत म्हणाल्या. मी तर त्यांचा शब्द पाळला. गावातल्या पुरुषांना हे बिनतोड वाटलं. काहींनी तर त्याची पाठ थोपटली.

इथं मला माझी शरम सांगितली पाहिजे. मरळीचा नर पिलं राखतो, बऱ्याचदा मादीपेक्षा जास्त, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. सभेत सगळे हसले तेव्हा मीही हसलो होतो आणि बोललो नव्हतो. चांगला विनोद मोडायला नको वाटला.

सायत्राबाईच्या शिव्या म्हणजे पंचक्रोशीत नावाजलेली गोष्ट. बाजारात कुणी मासोळीचा कल्ला उचकून "ताजी आहे ना?" म्हणालं की ती त्याच्या सात पिढ्यांचा ताजेपणा काढायची. पण सासूनं जावयाला वेडंवाकडं बोलायचं नाही, तोंडासमोर उभंही राहायचं नाही, डोक्यावर पदर घेऊन "जवाईबुवा" म्हणायचं, ही रीत ती काटेकोर पाळत होती. बाईची फार पंचाईत झाली. शेवटी ती देवरामच्या दारात गेली, डोक्यावर पदर घेतला, त्याच्याकडे पाठ केली आणि भिंतीला टेकवलेल्या त्याच्या सायकलीला बोलायला लागली.

"काय वं भैताडे! दोन चाकं देल्ली देवानं, डोस्कं नाई देल्लं? लेकरायचा बाप नेला तुनं! कोन राखन त्यायले आता, तू? घंटी वाजवून?"

अर्धा तास सायकलीचा उद्धार झाला. गाव जमलं. देवराम आत खाली मान घालून बसला होता, आणि मधूनमधून, सायकलीच्या वतीनं, "चुकलं, मामी," म्हणत होता.

त्यानंतर तीन दिवस ती पाण्याकाठी बसून राहिली. एकटी राहिलेली मादी घुटमळत होती, पण पिलांचा घोळका फाटला. खंड्या झडप घालायचा, बेडूक टिपायचे. कुंकवाचा तो ठिपका रोज लहान होत गेला. चौथ्या दिवशी काही नव्हतं. मी शेजारी बसलो होतो. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "सायकलीची चूक नाई, बीएस्सी. माह्या तोंडाची आहे. हसवाले गेलो मी सभेले. माहा नवरा गेला तवा पोरगी दीड वर्साची होती. बाप गेला का घर कसं उघडं पडते, ते मले ठावं नाई का? ठावं असून बोललो." आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. मला फार वाईट वाटलं. मीही मग पुस्तकातली गोष्ट आणि माझं हसणं तिला सांगून टाकलं. ती माझ्याकडे वळली. "तुले ठावं होतं?" "हो." "आन् हासला?" "हो." "मंग तू माह्यापरीस मोठा भैताड," ती म्हणाली, आणि तिला जरा बरं वाटलं.

पुढच्या सभेत ती किटलीशिवाय गेली. आपली चूक झाली असं तिनं उभं राहून सांगितलं. त्या संस्थेच्या इतिहासात असं कुणी सांगितल्याची नोंद नव्हती, म्हणून नानाजी पुन्हा छताकडे बघायला लागले. "या माहेरात जवायाचाबी मान," ती म्हणाली. "धोंड्याचा महिना कसा रायते, जवायाले वाढाचं, ओवाळाचं? त्याले इथं बारा महिने धोंड्याचा महिना. नर असो का मादी, हात नाई लावाचा." ठराव दुरुस्त झाला. मुदत मात्र तीच राहिली. आता एकच पावसाळा हातात होता.

आणि त्याआधीचा उन्हाळा आला. त्या वर्षी उन्हाळी धान जास्त लागलं होतं. तलावाचं तुडूम, म्हणजे पाळीतलं पाणी सोडायचं दार, उघडं राहिलं ते राहिलंच. सायत्राबाई शेतकऱ्यांच्या दारोदार फिरली, पण ज्याचं धान पोटरीत आलं त्याला मरळीचं काय सांगणार? चूक त्यांचीही नव्हती. वैशाखात तलाव आटून त्या एका कोपऱ्यात गुडघाभर डबकं उरलं, आणि तलावातली जगलेली सगळी मरळ त्या डबक्यात येऊन बसली. लग्नसराई होती. टोपलीनं उचलावी अशी मासोळी समोर दिसत होती.

बाईनं तेंदूपत्त्याचा हंगाम सोडला. तिच्यासोबतच्या आठ-दहा बायकांनीही सोडला. त्या रोज दुपारी डबक्याभोवती पळसाच्या फांद्यांची सावली करून बसायच्या, चिंच फोडायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषांचा समाचार घ्यायच्या. पुरुष लांबूनच वळायचे. पण मग डबकंही गेलं. नुसता चिखल राहिला. त्या दिवशी नानाजींसह वीस-पंचवीस जण टोपल्या घेऊन आले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे जास्तच अवघड होतं.

"सायत्रा, आता मरनारच आहेत त्या," नानाजी म्हणाले. "सडवन्यापरीस खाऊन घेऊ. तुया ठरावात मेलेल्याचं काई नाई लिवलं."

बाई उठली. लुगडं खोचलं, चिखलात मांड्यांपर्यंत उतरली आणि बुडालेल्या एका घुमटाच्या भोकात खांद्यापर्यंत हात घातला. बराच वेळ चाचपत राहिली. हात बाहेर आला तेव्हा त्यात चिखलानं माखलेली हातभर लांब मरळ होती. तिनं ती नानाजींच्या तोंडासमोर धरली. मरळीनं शेपटी हाणली आणि अध्यक्षांचा पांढरा सदरा गळ्यापासून पोटापर्यंत रंगला.

"मेलेली आहे का हे? पाहा! चिखल ओला आहे तवरिक मरत नाई मरळ. ढिवराच्या पोटी जलमले आन् विसरले? तुमचा आजा खनून काढत होता चिखलातून!"

तिनं मासोळी परत आत सोडली, अगदी सावकाश. आणि त्या टकल्यांच्या खाली ओल टिकून होती, कारण सिमेंटनं ऊन अडवलं होतं. डॉक्टरांनी पुढं यावर लेख लिहिला आणि हे आधीच योजलेलं होतं असं सुचवलं. मीच तो लेख टाइप करून दिला. माझा पगार त्यांच्याकडून यायचा.

नानाजी सदरा झटकत परत गेले आणि त्यांच्यामागं टोपल्याही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी बैलबंडीवर पाण्याचे चार ड्रम आणून त्या चिखलात ओतले. बंडी नानाजींची होती, हे त्यांनी आजवर कबूल केलेलं नाही. पण बाई त्या आठवड्यात उन्हानं पडली. ताप उतरेना, भंडाऱ्याला नेलं. पंधरा दिवसांनी परत आली ती निम्मी होऊन. पाय धरेनात. लेकीच्या घरी खाटेवर पडून राहिली.

पाऊस आला, तलाव भरला. आषाढ गेला. देवराम रोज सकाळी कोपऱ्यात जाऊन पाहायचा आणि रोज घरी येऊन सरळ गाईला चारा टाकायला जायचा. सासू समजायची. नानाजींच्या अंगणात जाळी दुरुस्तीला पसरलेली होती, आणि ते मला भेटले की डोळे चुकवायचे. श्रावणही अर्धा सरला.

मग एका सकाळी देवराम धावत माझ्या खोलीवर आला. "बीएस्सी सायेब, मोटारसायकल काढा."

खाटेवरून बाईला उठवलं. पण चिखलात गाडी चालवणं मला जमत नव्हतं, आणि मोटारसायकल देवराम चालवणार म्हटल्यावर ती अडून बसली. जावयाला खेटून बसायचं? मेलो तरी नाही. शेवटी तोडगा तिनंच काढला. पुढं जावई, मागं सासू आणि मधे पडदा म्हणून मी. अशी आमची वरात चिखलातून तलावावर गेली. मागून मला दर खड्ड्याला ऐकू यायचं, "सरळ बस बे! किती हालते!"

पाळीवर निम्मं गाव आधीच होतं. देवधान छातीभर वाढलेलं, आणि त्याच्या ओळींमध्ये पाण्यावर लाल ठिपके. एक नव्हे, तीन. प्रत्येकाखाली दोन-दोन सावल्या. लोक मोबाईल काढून वाकत होते. नानाजी हात मागं बांधून उभे होते. "कोपरा राखीव," ते कुणाकडेही न बघता म्हणाले, आणि खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं. मी डॉक्टरांना फोन लावून दिला. तिकडून ते मोठ्यानं काहीतरी विचारत होते. सायत्राबाईला आम्ही दोघी-तिघींच्या आधारानं पाण्याकाठी बसवलं. तिनं पाय पाण्यात सोडले आणि बघत राहिली.

मग ती मागं वळली.

"पायलं ना साऱ्यायनं? निंगा आता. बाळंतिनीच्या घरी इतका येळ बसते का कोनी?"

लोक खरंच निघाले. बायका निघाल्या, नानाजी निघाले. मी तिथंच घुटमळलो. मला वाटलं होतं, मी वेगळा आहे. चार वर्षं मी तिच्यासोबत चिखलात होतो.

"तूबी निंग," ती म्हणाली. "तो फोन बंद कर पयले."

ती पौषात गेली. त्या सकाळनंतर दोनच दिवसांत संस्थेनं मला कोकणात बोलावून घेतलं होतं, तिच्या जाण्याचा निरोपही उशिरा मिळाला. त्यामुळे माझ्यासाठी तिचा शेवटचा शब्द तोच. त्या सकाळी मी फोन बंद केला आणि पाळ चढलो. वर देवराम तिला परत न्यायला बैलबंडी घेऊन थांबला होता, सासूकडे पाठ करून. मी वळून पाहिलं. खाली ती एकटीच बसली होती, पाय पाण्यात तसेच, जराही न हलवता. पिलांचा एक घोळका श्वास घ्यायला वर येत येत तिच्या घोट्यांपर्यंत आला होता, आणि ती कुणाच्या घरी पाहुणी गेल्यासारखी अंग चोरून बसली होती.